वर्षाकाठी एक जाकीट

मी, ऑर्सोला मेरी पास्कुची, वय वर्षे एक्क्याऐंशी, अविवाहित, धंदा चामड्याची जाकिटे बेतणे, राहणार न्यूबर्ग, न्यूयॉर्क राज्य, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या विटांच्या इमारतीत, जिच्या खाली कारखाना आहे आणि वर माझे बिऱ्हाड, हे मृत्युपत्र आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. डावा डोळा कामातून गेला आहे आणि उजवा खुबा धातूचा आहे, पण कायद्याला त्या दोन्हींचे काही पडलेले नाही. मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही, असेही एक वाक्य घालण्याची रीत आहे. ते घालते. एकोणपन्नास वर्षे एकाच दडपणाखाली काढलेल्या बाईने ते घालावे, याचे हसू येते, पण घालते.

गेल्या ऑक्टोबरात वकिलांनी टंकून दिलेले माझे दोन पानी मृत्युपत्र याद्वारे रद्द समजावे. ते अगदी नीटनेटके होते. त्यातले पाचवे कलम मात्र चूक होते, आणि ती चूक वकिलांची नव्हे, माझी. वकील मला म्हणाले होते की मृत्युपत्रात गोष्टी सांगायच्या नसतात, कोणाला काय द्यायचे एवढेच लिहायचे. त्यांचे खरे असेल. पण का द्यायचे ते सांगितल्याशिवाय हे पाचवे कलम दुरुस्त होत नाही. तेव्हा कागद वाढेल.

कलम १. अंत्यविधी साधा करावा. प्रार्थना एकच. फादरांनी माझ्या कामाबद्दल भाषण करू नये, विशेषतः मी देशाच्या वैमानिकांना ऊब दिली वगैरे. महायुद्ध संपले तेव्हा मी तीन वर्षांची होते आणि टेबलाखाली कातड्याचे तुकडे चघळत होते. मला जाकीट घालून पुरू नये. मी आयुष्यात एकही जाकीट अंगात घातलेले नाही. माझा निळा लोकरी कोट कपाटात आहे, त्याचे एक बटण सैल आहे, ते आधी घट्ट करावे.

कलम २. बँकेत जी काही शिल्लक निघेल तिची निम्मी भाची लिडियाला आणि निम्मी आमच्या चर्चच्या तळघरातल्या सूपघराला. दर मंगळवारी मी तिथे पाव कापायला जाते. या वर्षी मला अक्कल तिथेच आली. कशी, ते पुढे येईल.

कलम ३. दिवाणखान्यातली माझ्या वडिलांची, म्हणजे अटिलियो पास्कुची यांची मोठी तसबीर माझी धाकटी बहीण डेल्फिना हिला सान डिएगोला पाठवावी. डेल्फिना म्हणजे लिडियाची आई. एकोणिसाव्या वर्षी ती एका दंतवैद्याबरोबर कॅलिफोर्नियाला निघाली, आणि जाताना दारात मला म्हणाली, "तू आहेस ना बाबांजवळ." या चार शब्दांवर तिने अठ्ठावन्न वर्षे समुद्रकिनारी आरामात काढली. तसबिरीतले बाबा, खोलीत कुठेही उभे राहा, आपल्याकडेच बघतात. माझ्याकडे बघून झाले. आता तिच्याकडे बघू देत. तिने तसबीर परत पाठवली तर पुन्हा एकदा पाठवावी.

कलम ४. भिंतीवर खिळ्यांना टांगलेले जाकिटांचे सगळे साचे, पुठ्ठ्याचे आणि पत्र्याचे, ओसाका येथील श्री. कुसुमोटो यांना द्यावेत. हे वाचून आमच्या गावातले, जपानशी लढलेले दोन-तीन म्हातारे थडग्यात कूस बदलतील. बदलू देत.

कुसुमोटो २००३ साली आमच्याकडे आले. एक जाकीट विकत घेतले, आणि घेतल्या घेतल्या टेबलावर पालथे घालून खिशातल्या भिंगाने एका इंचात टाके किती ते मोजू लागले. मी म्हणाले, हे असे काय. ते वाकून नम्रपणे म्हणाले, शिकतो आहे. चार वर्षांनी त्यांनी मला स्वतः केलेले एक जाकीट भेट पाठवले. मी त्यात खोट काढायला बसले. सकाळपासून दुपारपर्यंत बसले होते. कॉलर आमच्यापेक्षा चांगली बसली होती, बाहीची शिवण आमच्यापेक्षा सरळ होती, आणि कातडे घोड्याचे होते, जे आम्हाला वीस वर्षे मिळत नव्हते. त्यानंतर आमच्याकडची गिऱ्हाइके त्यांच्याकडे जाऊ लागली. त्यांना शिव्या घालण्याची माझी फार इच्छा आहे, पण कामात खोट नसलेल्या माणसाला शिव्या घालता येत नाहीत. साचे त्यांच्याकडे कामाला लागतील. इथे नुसते वाकडे होत आहेत.

धंदा कसा गेला ते लोक मला नेहमी विचारतात, आणि त्यांना एखादा खलनायक हवा असतो. तसा कोणी नव्हता. १९४३ साली या इमारतीत दोनशे बारा माणसे तीन पाळ्यांत विमानदलाची जाकिटे शिवत होती. १९४६ मध्ये एकवीस उरली. सरकारने शिल्लक जाकिटांचे ढीग बाजारात काढले आणि आम्हीच शिवलेली जाकिटे चौकातल्या दुकानात मासळीसारखी टोपलीत विकायला आली. मग नायलॉन आले. नौदलाला काही वर्षे बकऱ्याच्या कातड्याची जाकिटे लागत होती, तेवढ्यावर आम्ही तग धरला, पण सरकारी काम सगळ्यात कमी भाव बोलणाऱ्याला जाते, आणि बाबांना कमी बोलणे कधी जमले नाही. बाकीचे तुकड्या-तुकड्याने गेले. शेतावरचे घोडे संपले, म्हणून घोड्याचे कातडे संपले. कातडी कमावणारे कारखाने मिटले. लोकरी कफ विणणारी गिरणी मिटली. शेवटी चेनवाल्यांनीही गाशा गुंडाळला. दर वेळी एक सभ्य पत्र यायचे की पुढच्या महिन्यापासून माल पाठवता येणार नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमच्या घरात तो पीळ बाबांच्या मृत्युपत्रात गेला.

कलम ५. ऑक्टोबरात मी लिहवून घेतलेले पाचवे कलम येथे जसेच्या तसे उतरवते आणि त्यावर रेघ मारते. मी काय करायला निघाले होते ते नंतर कोणी गोड करून सांगू नये, म्हणून.

"कारखाना, वरचे बिऱ्हाड व जागा माझी भाची लिडिया हिला मिळावी. मात्र ज्या वर्षी घराबाहेरच्या एका तरी गिऱ्हाइकाकडून एका तरी जाकिटाची ऑर्डर येईल, त्या वर्षी तिने कारखाना बंद करू नये, विकू नये, सोडून जाऊ नये. सोडून गेल्यास सर्व मिळकत धर्मादाय जाईल. ज्या वर्षी एकही ऑर्डर येणार नाही, त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला ती मोकळी."

रद्द. ओ. मे. पा.

हे शब्द माझे नव्हेत. बाबा १९७४ साली गेले आणि त्यांच्या कागदात हेच लिहिलेले निघाले. मी फक्त "मुलगी ऑर्सोला" काढून "भाची लिडिया" घातले होते. एवढ्या वर्षांत त्या वाक्यात बदलण्यासारखे मला एवढेच सापडले.

कलम ६. खुलासा. बाबांच्या पश्चात पहिल्या वर्षी ऑर्डरी चौदा आल्या, मग नऊ, मग चार. कारखान्यात आम्ही दोघीच उरलो होतो. मी बेतायची आणि एटेल बोडनारबाई शिवायच्या. एटेलबाई हंगेरीहून आलेल्या, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या, आणि तोंडाच्या तिखट.

आणि एक होता रसेल हॅल्वर्सन. तो आम्हाला चेन विकायला यायचा, महिन्यातून एकदा. पुढे पुढे चेन लागत नसली तरी यायचा. त्याची कंपनी बुडाली तेव्हा तो तुसॉनला, भावाच्या पेट्रोल पंपावर गेला. जाण्याआधी माझ्या टेबलाशी उभा राहून म्हणाला, "ऑर्सोला, तिकडं जानेवारीत अंगणात संत्री लागतात. जाकीट कुणी विचारत नाही."

मी विचारले, "मग मी तिथं करू काय?"

"संत्री खा," तो म्हणाला.

मी त्याला बाबांची अट वाचून दाखवली. तो म्हणाला, ठीक आहे, एक ना एक वर्ष कोरडे जाईलच. तेव्हापासून दर ३१ डिसेंबरला दुपारी बाराला त्याचा फोन यायचा. "आली का?" एवढेच विचारायचा. मी म्हणायची, आली. मग आम्ही दोघे जरा हसायचो आणि तो म्हणायचा, पुढच्या वर्षी बघू.

१९७९ साल कोरडे गेले. जानेवारीपासून नाताळापर्यंत एकही ऑर्डर नाही. नाताळानंतर दोन दिवसांनी मी टेबलाशी बसले होते, सदतीस वर्षांची, धडधाकट, आणि चार दिवसांत मोकळी होणारी. मी खणातून ऑर्डरीचा एक कोरा कागद काढला. त्यावर एच. वेंडेल, दुलुथ, मिनेसोटा असे लिहिले. छाती, पाठ, खांदा, बाही, सगळी मापे मनाने घातली. रंग तांबूस तपकिरी. तो कागद मी पाकिटात घालून तारखेच्या शिक्क्यानिशी फायलीत लावला.

का लिहिला? आजवर मी हे कोणाला सांगितलेले नाही, कबुलीजबाबाच्या जाळीपलीकडच्या फादरांनासुद्धा नाही. मला भीती वाटली. कारखान्यावर माझे प्रेम होते असे नाही. कामाचा अभिमान होता असेही नाही. चौदाव्या वर्षापासून मी या टेबलाशी उभी होते आणि कातडे बेतण्यापलीकडे मला जगात काही येत नव्हते. दाराबाहेर एक पेट्रोल पंप होता, संत्री होती, आणि माझी वाट बघणारा एक चांगला माणूस होता. दार बंद असताना त्यावर रोज धडका मारणे सोपे होते. ते उघडणार म्हटल्यावर मीच त्याला आतून कडी घातली.

त्या वेंडेलचे जाकीट मी दुसऱ्या दिवशी बेतायला घेतले. कापड घडी घालून दोन थर एकदम कापता येतात, तसे कातड्याचे नसते. ते एकेरीच कापावे लागते, आणि एक बाही कापली की दुसरीसाठी साचा उलटा करून ठेवावा लागतो. पहिल्या आठवड्यात शिकवतात ते हे. त्या दिवशी मी साचा उलटा केलाच नाही. दोन डाव्या बाह्या कापल्या. वीस वर्षांत माझ्या हातून हे कधी झाले नव्हते.

एटेलबाईंनी दोन्ही बाह्या उचलल्या, शेजारी शेजारी धरल्या, आणि मग फायलीतला कागद मागून घेतला. त्यांनी तो बराच वेळ वाचला.

"या वेंडेलला दोन्ही हात डावेच आहेत," त्या म्हणाल्या, "की मुळात हातच नाहीत?"

मी म्हणाले, "ऑर्डर आहे, एटेलबाई."

"मी सत्तावन्न वर्षांची आहे. मला दुसरीकडं शिलाई मिळेल. माझ्यासाठी करत असशील तर करू नकोस."

"ऑर्डर आहे," मी पुन्हा म्हणाले.

त्यांनी बाह्या टेबलावर ठेवल्या. त्यानंतर चोवीस वर्षे आम्ही एकत्र काम केले, पण या विषयावर त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यांनी तेव्हा चार लोकांत माझे बिंग फोडले असते तर बरे झाले असते, असा माझा त्यांच्यावर राग आहे. तो मी येथे माफ करते. त्यांच्या थडग्यावर दर ईस्टरला पिवळी फुले ठेवावीत.

३१ तारखेला फोन आला. "आली का?"

"आली," मी म्हणाले. "दुलुथचा कोणी वेंडेल."

रसेल म्हणाला, "नशीबवान आहे." पुढच्या डिसेंबरात फोन आला नाही. त्याने वसंतात एका विधवेशी लग्न केले होते, असे मला नंतर कळले. २००१ साली तो गेल्याचे कार्ड त्याच्या मुलीने पाठवले. त्यावर संत्र्याच्या झाडाखाली खुर्चीत बसलेला त्याचा फोटो होता. तो फोटो माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे आणि तो माझ्याबरोबर पुरावा. हे कलम एक मध्ये राहून गेले.

पुढे गंमत अशी झाली की ऐंशीच्या दशकात लोकांना एकाएकी वैमानिकासारखे दिसावेसे वाटू लागले. जुन्या जाकिटांचे शौकीन निघाले. वर्षाला तीस-चाळीस ऑर्डरी येऊ लागल्या. वर्तमानपत्रवाले आले, कातडे कापायची रापी हातात घेतलेला माझा फोटो छापला आणि खाली लिहिले की वडिलांच्या शब्दाखातर हिने आयुष्य दिले. मी कात्रण चौकटीत लावले. ते फेकून द्यावे. बाबांच्या अटीने मला पाच वर्षे बांधले. पुढची चव्वेचाळीस वर्षे मी स्वतः स्वतःला बांधून ठेवले आणि गाठ दाखवताना बोट बाबांकडे केले.

कलम ७. आता लिडियाविषयी. लिडिया २०१२ साली माझा खुबा मोडला तेव्हा दोन महिन्यांसाठी आली. त्याआधी ती सिअ‍ॅटलला एका नाटक मंडळीच्या कपडेपटात शिवणकाम करायची. राजेराण्यांचे झगे, भुतांचे अंगरखे, असले काहीबाही. तिची बोटे चांगली आहेत. माझी बोटे वळेनाशी झाली होती, म्हणून तिने दोन जाकिटे शिवून दिली, मग आणखी दोन. एटेलबाईंच्या यंत्रावर ती बसू लागली. दोन महिन्यांची अकरा वर्षे झाली. ती आज शेहेचाळीस वर्षांची आहे.

तिला बाबांची अट मी पहिल्याच हिवाळ्यात सांगितली होती, त्या वर्तमानपत्राच्या कात्रणासारखी, नाक जरा वर करून. दर डिसेंबरात तिच्या जुन्या मंडळीच्या प्रमुख बाई तिला फोन करतात, की जागा आहे, ये. माझा एक डोळा गेला असला तरी कान शाबूत आहेत. जिन्यातून मी ऐकलेले आहे. "नाही हो," लिडिया हळू आवाजात सांगत होती, "यंदाही नाही जमणार. ऑर्डर आलीये आमच्याकडं. मावशीला एकटीला नाही व्हायचं."

२०१९ साली तीन ऑर्डरी आल्या. त्यानंतर दर वर्षी एक. बरोबर एक. कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात. लिडिया पाकीट घेऊन वर यायची आणि म्हणायची, "मावशी, आली बघ." आणि मी सुटकेचा श्वास टाकायची की उसासा, हे मलाही कळत नसे.

या नोव्हेंबरात, ऑक्टोबरचे मृत्युपत्र होऊन तीन आठवडे झाले असतील, मंगळवारी सूपघरात मी पाव वाटत होते. रांगेत एक उंच गृहस्थ आले. रिकामे डबे गोळा करून विकतात ते. त्यांच्या अंगात आमचे जाकीट होते. कॉलरचा कोपरा बघूनच मी ओळखले, पण खात्रीसाठी म्हणाले, जरा आतला खिसा दाखवता का. खिशाच्या अस्तरावर माझा बेतणारीचा आकडा होता, सात. खाली २०२१. त्या साली आम्ही एकच जाकीट केले होते, कोणा जे. थॉर्नसाठी.

मी विचारले, "श्री. थॉर्न का तुम्ही?"

"नाही बाई, मी ऑगस्टस," ते म्हणाले. "हे लाल गाडीवाल्या बाईंनी दिलं. चर्चच्या कपड्यांच्या पेटीत टाकत होत्या. मी म्हटलं, पेटीला काय थंडी वाजते? मलाच द्या."

लाल गाडी लिडियाची. मी पावाची सुरी खाली ठेवली आणि घरी आले.

फायलीतून चार वर्षांचे चार कागद काढले. नावे चार, गावे चार, पण जाकीट पाठवायला पोस्टाची पेटी एकच, नदीपलीकडे बीकनला. मी हे चार वर्षे पाहिले नव्हते असे लिहायला हात उचलत नाही. पाहायचे नव्हते. आणि प्रत्येक कागदावर एक चौकट भरलेली होती जी बाहेरचे गिऱ्हाईक कधीच भरत नाही. बाहीचे माप सगळे जग हात सरळ सोडून घेते. बाबांची पद्धत वेगळी होती. वैमानिक बसलेला असतो, हात विमानाच्या दांड्यावर असतो, म्हणून मानेच्या मणक्यापासून खांद्यावरून, कोपर वाकवून, मनगटापर्यंत. आमच्या छापील कागदावर त्यासाठी निराळी चौकट आहे. गिऱ्हाइके ती कोरी सोडतात आणि आम्ही अंदाजाने दीड इंच वाढवतो. या चारही कागदांवर ती चौकट पाव इंचापर्यंत अचूक भरलेली होती. ते माप घ्यायला लिडियाला मीच शिकवले.

त्या रात्रीच्या जेवणाला बीन्स आणि पास्ता होता. मी सहज विचारल्यासारखे विचारले, "लिडिया, यंदा ऑर्डर आलीच नसती तर तू काय केलं असतंस गं?"

तिने चमचा ठेवला. "असलं विचारू नकोस, मावशी."

"सिअ‍ॅटलला गेली असतीस?"

"आणि तू?" ती म्हणाली. "ऑक्टोबर लागला की तू खिडकीशी खुर्ची ओढून पोस्टमनची वाट बघत बसतेस. तो पुढच्या घरी गेला की तुझा चेहरा काय होतो ते तू नाही बघत. मी बघते. एक वर्ष तो काही न देता गेला तर तू जगायची नाहीस." मग डोळे पुसून म्हणाली, "तू त्या कागदात माझ्याबद्दल काय लिहिलंयस ते मला सांग. म्हणजे मनाची तयारी करते."

मी सांगितले नाही. सांगण्यासारखे काय होते? पोस्टमन येऊ नये म्हणून मी खिडकीशी बसत होते की यावा म्हणून, हे मला तेव्हाही ठाऊक नव्हते आणि आजही नाही. मी दाराला आतून कडी घालून बसले होते. लिडियाला वाटले मी कडी निघण्याला भिते, म्हणून ती बाहेरून धरून उभी राहिली. धरता धरता तीही आतच अडकली. दुसऱ्याचा जीव जपायला तिने स्वतःची अकरा वर्षे घातली, आणि मी तिच्या गळ्यात उरलेली सगळी घालायला निघाले होते, बाबांच्याच शब्दांत.

कलम ८. म्हणून कारखाना, वरचे बिऱ्हाड, जागा, दोन्ही शिवणयंत्रे, टेबल, रापी आणि शिल्लक राहिलेली चौदा कातडी लिडियाला. कोणतीही अट नाही. विकावे, भाड्याने द्यावे, पाडावे. पाडले तर मला आनंदच होईल. यंत्रे तिने सिअ‍ॅटलला नेली तर त्यांना भुतांचे अंगरखे शिवायला शिकवावे. तिने कृतज्ञतेपोटी, आठवणीपोटी, किंवा मावशीला काय वाटले असते या विचारापोटी काहीही चालू ठेवू नये. मावशीला काय वाटते ते येथे लिहिले आहे.

ऑगस्टस यांचे जाकीट खांद्यात घट्ट होते, असे ते म्हणाले. काखेत दोन पट्ट्या घालून ते सैल करावे लागेल. ते मी जगले तर जानेवारीत स्वतः करीन.

कलम ९. आज सकाळी मी श्री. ई. कॅलोवे, पोस्टाची पेटी, बीकन, यांना पत्र टाकले आहे. हे यंदाचे गिऱ्हाईक. पत्रात लिहिले आहे की आपली ऑर्डर मिळाली, पण आम्ही ती घेऊ शकत नाही. बाबांनी १९३१ साली कारखाना काढल्यापासून नाकारलेली ही पहिली ऑर्डर आहे. खाली हेही लिहिले आहे की कोपर वाकवून इतके चांगले माप घेतल्याबद्दल आभार, आणि सिअ‍ॅटलच्या प्रमुख बाईंना पुढच्या गुरुवारच्या आत फोन करावा, त्या फार दिवस जागा अडवून ठेवणार नाहीत. माझ्यासाठी टेकडीवरच्या वृद्धाश्रमात खोली ठरवली आहे. जेवण बरे असते म्हणतात.

लिडिया शनिवारी पोहायला म्हणून बीकनला जाते. पत्र तोवर पेटीत पडलेले असेल. ती पुलावरून परत येईल तेव्हा मी घरी असेन, आणि आम्हाला बोलावे लागेल.

कलम १०, शेवटचे. वर्ष संपायला अजून तीन दिवस आहेत. एकदा अशाच तीन-चार दिवसांत मी काय केले ते वर लिहिले आहे, आणि मी फारशी बदलले आहे असे मला वाटत नाही. म्हणून साक्षीदारांसमक्ष स्पष्ट लिहून ठेवते की आजपासून ३१ डिसेंबरपर्यंत या कारखान्याच्या नावाने कोणतीही ऑर्डर आली, कोणाच्याही नावाने, कोणत्याही गावाहून, आणि विशेषतः माझ्या अक्षरात, तर ती आलेली नाही असे समजावे.

ठिकाण: न्यूबर्ग, न्यूयॉर्क राज्य
दिनांक: २८ डिसेंबर २०२३, गुरुवार

सही: ऑर्सोला मेरी पास्कुची

आम्ही खाली सह्या करणारे, या मृत्युपत्रात आम्हाला काहीही मिळत नाही, असे सांगतो. ऑर्सोलाबाईंनी आमच्यासमोर सही केली. सही करण्याआधी त्यांनी शेवटचे कलम आम्हाला दोनदा मोठ्याने वाचायला लावले, आणि सही झाल्यावर खणातले ऑर्डरीचे सगळे कोरे कागद आमच्या हवाली केले.

साक्षीदार १: मिल्टन ग्रीवर, बेकरीवाले, शेजारी
साक्षीदार २: डोलोरेस ओकेंडो, परिचारिका